सुट्टीच्या दिवसाचा आलेख

आमच्या नव्या घराच्या दारावर पाटी लावायला कायद्याने बंदी होती. वर्धा रोडवरच्या सौजन्य टॉवरमध्ये बाकी सगळ्या मजल्यांवर पितळेच्या, संगमरवराच्या, आतून दिवा लागणाऱ्या पाट्या होत्या. फक्त सहाव्या आणि सातव्या मजल्यावर नुसते आकडे. बिल्डरला वरचे जादा मजले चढवायची परवानगी मिळाली, त्या बदल्यात हे दोन मजले सरकारने परवडणाऱ्या घरांच्या सोडतीसाठी घेतले होते. सोडत अनाम. नाव, आडनाव, जात, धर्म, मूळ गाव, काही विचारायचं नाही आणि आपणहून सांगायचंही नाही. सांगितलं तर वशिला लावला असं धरून वाटप रद्द. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. सगळ्यांच्या दारावर पाटी असताना जिथे ती नाही, त्या दाराला वेगळी पाटी लागत नाही, एवढंच त्यांच्या लक्षात आलं नाही.

मी उत्पला मेश्राम. हे नाव इथे लिहिणंसुद्धा नियमात बसत नाही, तेव्हा ते बदललेलं आहे असं समजा. मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. नवरा संघपाल, त्याची आई आणि मी, असे आम्ही तिघं आधी इंदोऱ्यात दोन खोल्यांत राहायचो. इंदोरा आमचं, तिथलं प्रत्येक दार ओळखीचं, पण माझं कॉलेज शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. म्हणून कॉलेजजवळ भाड्याचं घर शोधायला लागलो. फोनवर सगळं छान जमायचं. नोकरी विचारायचे, "अरे वा, प्राध्यापक" म्हणायचे, आणि सगळ्यात शेवटी आडनाव विचारायचे. आडनाव सांगितलं की त्या घरात हटकून घरमालकाचा पुतण्या राहायला येणार असायचा. नागपुरात इतके पुतणे आहेत हे मला तेव्हा कळलं.

त्यामुळे अनाम सोडतीत आमचा आकडा लागला तेव्हा संघपालने पेढे आणले आणि मी रडले. घर दोन बेडरूमचं होतं, हप्ता आमच्या पगारात बसणारा होता, आणि आडनाव कोणीही विचारलं नव्हतं. अट एकच. पहिलं वर्ष सहवासाचं. त्या वर्षात 'सलोखा' नावाची प्रणाली घरावर लक्ष ठेवणार, आणि वर्षअखेरीस तिचा गुणांक ठरावीक रेषेच्या वर असेल तरच घर कायमचं आपलं. नाही तर चावी परत.

ऑक्टोबरपर्यंत आमचा गुणांक उत्तम होता. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आम्ही तिघं पहाटेच दीक्षाभूमीवर गेलो, दिवसभर तिथेच होतो. संध्याकाळी इंदोऱ्याहून आलेल्या बारा-पंधरा माणसांचं जेवण घरी झालं. आवाज नाही, गोंधळ नाही, कोणाची तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी गुणांक खाली आला. इतका, की संघपालने फोन दोनदा बंद करून चालू केला.

माझ्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी रजनी खोब्रागडे आमच्याआधी याच टॉवरमध्ये, सातव्या मजल्यावर राहून परत गेली होती. तिने कधी त्याबद्दल बोलू दिलं नव्हतं. मी तिला माझा फोन दाखवला.

"तुमचा केव्हा केव्हा पडला होता?" मी विचारलं.

तिने फोन उलटा करून टेबलावर ठेवला. "ऑक्टोबरात पडला. मग चौदा एप्रिलला. मग बुद्धपौर्णिमेला. मधे सगळं ठीक असायचं."

"तू कोणाला बोलली नाहीस?"

"काय बोलू? आमच्या सणाला गुणांक पडतो म्हणून तक्रार करायची, तर आमचा सण कोणता हे आधी सांगावं लागतं. सांगितलं की वाटप रद्द. वकील म्हणाला, बाई, कायदा तुमच्या बाजूने आहे, फक्त तो वापरता येत नाही."

त्या संध्याकाळी मी आमच्या घराचा विजेचा आलेख उघडला आणि मला सगळं उमगलं. नवे मीटर नुसती युनिटं मोजत नाहीत. प्रत्येक उपकरण वीज ओढताना आपली खूण सोडतं. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना एक उसळी येते, मिक्सरची मोटर थरथरते, गीझर एकदम चढून सरळ रेषेत राहतो, इंडक्शनची शेगडी तुकड्यातुकड्यांत चालते. मीटर सेकंदाला कित्येकदा मोजतो आणि त्या गुंत्यातून एकेक खूण वेगळी काढतो. घर कधी उठतं, कधी जेवतं, कोणत्या दिवशी पंचवीस माणसांचं शिजतं आणि कोणत्या दिवशी दार लावून निघून जातं, हे त्याला घरातल्या माणसाइतकंच कळतं. वर्षभराचा आलेख म्हणजे त्या घराचं पंचांग असतं. गणपतीचे दहा दिवस कोणाकडे दिवे जळतात, पर्युषणात कोणाची शेगडी संध्याकाळी लवकर बंद होते, रमजानमध्ये ती पहाटे कोणाकडे पेटते, सगळं त्यात असतं.

यंत्राला जात कोणी शिकवली नव्हती, हेही खरं. त्याला शिकवल्या होत्या सोसायट्यांमधल्या वर्षानुवर्षांच्या तक्रारी आणि त्या त्या घरांचे आलेख. कोणत्या प्रकारच्या आलेखाविरुद्ध शेजारी तक्रार करतात, ते त्याने शोधून काढलं. तक्रारी माणसांनी केल्या होत्या. यंत्राने फक्त माणसांचं वागणं पाठ केलं.

संघपालला मी हे समजावून सांगितलं तेव्हा तो ताटावरून उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. तो बांधकामावर सुपरवायझर आहे. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं बांधली, हे त्याचं नेहमीचं वाक्य त्या दिवशी त्याने म्हटलं नाही. "मी हे घर जाऊ देणार नाही," एवढंच म्हणाला.

आठवड्याभरात तो नदीम अन्सारीला घेऊन आला. नदीम पूर्वी मीटर बसवायचा, आता ते चकवायचा. त्याने वॉशिंग मशीनच्या मागे सुटकेसएवढा एक डबा बसवला. आत बॅटरी आणि छोटा संगणक. मीटर आणि घर यांच्या मधे तो बसतो. घरात जास्त वीज लागली तर डबा आपल्या बॅटरीतून पुरवतो, कमी लागली तर मीटरकडून ओढून बॅटरी भरतो. मीटरला तेवढंच दिसतं, जेवढं डबा दाखवेल. घर रिकामं असलं तरी मीटरला वाटतं, गीझर लागला, मिक्सर फिरला, माणसं कामावर गेली.

"नमुना सांगायचा फक्त," नदीम म्हणाला. "कोणता दिवस कसा दाखवायचा तो."

"तुम्हाला हे सुचलं कसं?" मी विचारलं.

"ताई, आमचा उपास आमच्याआधी मीटरले कळते. दोन घरं गेली माझी. तिसऱ्या घरात शिकलो." तो हसला आणि पाना पिशवीत टाकून निघून गेला.

गुणांक हळूहळू वर चढला. सोसायटीचे सेक्रेटरी वझलवार लिफ्टमध्ये भेटले की माझ्याशी फार गोड बोलायचे. त्यांना नियम तोंडपाठ होता, म्हणून ते नाव विचारत नसत. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांची एक रीत होती. "उन्हाळ्यात गावाला जाता की इथेच?" किंवा "लग्न कार्यालयात झालं असेल ना तुमचं? मुहूर्त सकाळचा की गोरज?" मी म्हणायची, "दुपारी झालं, जेवण चांगलं होतं." ते मनापासून हसायचे. माणूस वाईट नव्हता. माझ्या सासूबाई, म्हणजे आई, आजारी पडल्या तेव्हा स्वतःच्या गाडीने दवाखान्यात घेऊन गेले होते. पण लिफ्टचं दार उघडेपर्यंत माझे खांदे आखडलेले असायचे.

आईंना आम्ही डब्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. एप्रिल लागला आणि त्यांनी माळ्यावरून निळ्या दिव्यांच्या माळा काढल्या, तेव्हा सांगावंच लागलं. यंदा माळा नकोत, पाहुणे नकोत, त्या दिवशी घर अगदी साध्या दिवसासारखं दिसलं पाहिजे, हे संघपालने त्यांच्याकडे न बघता सांगितलं.

आई माळांचा गुंता सोडवत होत्या. "कोनाले दिसलं पाहिजे?"

"मीटरला."

"मीटरले भेऊन राहिला तू?"

"आई, एक वर्षाचा प्रश्न आहे. घर कायम झालं की मग कर काय करायचं ते."

"कोंबडं झाकून ठेवलं म्हनून उजाडाचं राहते का रे?" त्या म्हणाल्या. "तुहा बाप गेला त्या सालीबी मी दीक्षाभूमीवर गेली होती. लोकं म्हनत, सुतक हाय. म्या म्हटलं, ज्यानं मले मानूस केलं त्याच्याकडं जाले सुतक कायचं?"

संघपालचा आवाज चढला. पुन्हा दोन खोल्यांत जायचं का, म्हणून त्याने विचारलं. माझ्याकडे दोघांनी पाहिलं, आणि मी नवऱ्याची बाजू घेतली. मला ते घर हवं होतं. त्याच्या खिडकीतून येणारी सकाळ हवी होती, कॉलेजला पायी जाणं हवं होतं, आणि सगळ्यात जास्त, पुन्हा कधी कुठल्या पुतण्याचं नाव ऐकायचं नव्हतं. आईंनी माळा पिशवीत भरल्या आणि इंदोऱ्याला लेकीकडे लावायला पाठवून दिल्या.

चौदा तारखेला आम्ही अंधारातच निघालो, तिघंही. नदीमला सांगून ठेवलं होतं, अगदी साधा दिवस दाखव. त्याने एका मंगळवारचा नमुना लावला. आम्ही उन्हात दिवसभर फिरलो, ताक वाटलं, रांगेत उभे राहिलो, आईंच्या मैत्रिणींना भेटलो, आणि रात्री पाय ओढत परत आलो. गुणांक जागच्या जागी होता. संघपालने डब्यावरून हात फिरवला.

तिसऱ्या दिवशी सुनावणीची नोटीस आली. कारण एका शब्दात, 'विसंगती'. घरातल्या सर्व प्रौढांनी हजर राहायचं होतं.

सुनावणी सोसायटीच्या ऑफिसात होती. भिंतीवरच्या पडद्यावर सलोखा अधिकारी दिसत होते, पस्तिशीतले, कंटाळलेले. वझलवार कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते. संघपालच्या कपाळावर घाम होता. आईंनी धुतलेलं पांढरं लुगडं नेसलं होतं, आणि मी त्यांना तीनदा बजावलं होतं की काहीही बोलू नका.

अधिकाऱ्यांनी आलेख समोर घेतला. टॉवरमधली सगळी घरं राखाडी रंगात आणि आमचं लाल रंगात. राखाडी रेषा सकाळी उशिरापर्यंत झोपलेल्या होत्या. दहाच्या पुढे एकेक गीझर उठत होता. दुपारी सगळीकडे एसी, टीव्ही, संध्याकाळपर्यंत तसंच. आमची लाल रेषा मात्र सकाळी साडेसहाला ताडकन उठली होती. गीझर, मिक्सर, इस्त्री, आणि नवाच्या सुमाराला घर शांत. संध्याकाळी सातला पुन्हा हालचाल. अगदी कामाच्या दिवसासारखी.

मला ती चूक तिथल्या तिथे दिसली. आमच्या घरात चौदा एप्रिल ही कधी सुट्टी नव्हतीच. तो वर्षातला सगळ्यात लवकर उठायचा, सगळ्यात जास्त दमायचा दिवस. तो लपवायचा म्हणून आम्ही त्या जागी साधा मंगळवार ठेवला. आम्हाला तो दिवस इतका आपला वाटत होता, की बाकीचं अख्खं शहर त्या दिवशी घरी लोळत असतं, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

"एक तर घर रिकामं ठेवून कोणीतरी खोटा भार चालवतंय," अधिकारी म्हणाले, "किंवा घर दुसऱ्याला दिलंय. दोन्हीत वाटप रद्द होतं. त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी होती, मॅडम. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी वर्गात कधी उत्तरासाठी अडले नाही. तिथे मी आलेखातली सकाळ पुन्हा मोजत बसले.

"बाहेरगावी गेला असाल ना तुम्ही?" वझलवार मदतीला आले.

"मग गीझर कोणी लावला?" अधिकारी म्हणाले.

संघपाल माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत नुसती विनवणी होती. 'माहीत होतं' असं म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, मग हा आलेख असा का. आणि त्याचं खरं उत्तर दिलं तर डबाही गेला, नावही उघडं झालं, घरही गेलं. तरीही मी ते देणार होते. मला राग आला होता, आणि तो राग इतका जुना होता की त्याच्यापुढे दोन बेडरूमचं घर मला लहान वाटायला लागलं. मी मनात वाक्य जुळवलं. साहेब, ती सुट्टी कोणामुळे आहे ते मला माहीत आहे. मी तोंड उघडलं.

"इसरलो आमी, साहेब."

आई बोलल्या होत्या. हात जोडून, मान थोडी खाली घालून.

"काय विसरलात?"

"सुट्टी हाय थे इसरलो. माहंच म्हातारपन. म्या सगळ्याइले उठवलं, डबे केले, कामाले धाडलं. कॉलेजाच्या गेटवर गेल्यावर हिले समजलं. मंग थे दोघं तिकडंच फिरून आले, अन् मी दिवसभर झोपली."

पडद्यावर अधिकारी हसले. वझलवारही हसले, सुटका झाल्यासारखे.

"सुट्टी विसरणारं घर मी पहिल्यांदा पाहिलं," अधिकारी म्हणाले. "आजी, कॅलेंडर बघत जा. का होती सुट्टी, ते तरी माहीत आहे का?"

"नाही, साहेब," आई म्हणाल्या.

सहवासाचं वर्ष त्याच महिन्यात भरत होतं, अधिकाऱ्यांनी मंजुरीची खूण केली. घर कायम झालं. पुढची पाच वर्षं फक्त दरवर्षीचा आढावा, असं त्यांनी जाता जाता सांगितलं. वझलवारांनी संघपालच्या पाठीवर थाप मारली.

वर घरात आल्यावर आई सरळ मोरीत गेल्या आणि चूळ भरू लागल्या. एक, दुसरी, तिसरी. पाणी वाहत राहिलं. मी दारात उभी होते. मला लाज वाटत होती, आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसंही वाटत होतं. ते जमलं नाही.

"आई, मी सांगणार होते खरं," मी म्हणाले.

"मले दिसलं थे. म्हनूनच बोलली." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तुले खरं बोलाले उमर पडली हाय. माह्या पोराले पुन्हा घर भेटनार नाही. मी इंदोऱ्याले जातो, लेकीकडं."

"मग आता इथेच राहा."

"नाही पोरी. रागावली नाही मी. पन या घरासाठी म्या जे म्हटलं, थे या घरात रोज ऐकू येईन मले."

संघपाल भिंतीला टेकून उभा होता. संध्याकाळी तोच त्यांना इंदोऱ्याला सोडून आला, आणि आल्यावर जेवला नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये त्याने नदीमला फोन केला. बोलणं फार झालं नाही. "यंदा सुट्टी दाखव," एवढंच.

चौदा तारखेला आम्ही नेहमीसारखे पहाटे निघालो. आई इंदोऱ्याहून थेट दीक्षाभूमीवर आल्या होत्या, बायकांच्या घोळक्यात. मला पाहिल्यावर त्यांनी आपल्या शेजारी रांगेत जागा केली. ऊन चढलं होतं. अकराच्या सुमाराला माझा फोन वाजला.

'अभिनंदन. आपल्या घराचा सलोखा गुणांक वाढला आहे.'

मी आलेख उघडला. आमची लाल रेषा राखाडी रेषांमध्ये अशी मिसळली होती की शोधावी लागत होती. घरातली माणसं उशिरा उठली होती. गीझर आत्ताच बंद झाला होता. टीव्ही लागला होता. आमच्या घरात कोणीतरी या दिवशी पाय पसरून बसलं होतं.

"काय आलं वं?" आईंनी विचारलं.

"घरचं आहे. टॉवर आपल्यावर खूश आहे."

त्यांनी उन्हासाठी कपाळावर हात धरला आणि एकदा माझ्याकडे, एकदा संघपालकडे पाहिलं.

"आपून तं सगळे इथं हाओत," त्या म्हणाल्या. "मंग घरी कोन हाय?"

संघपालने मान फिरवली. मी पुन्हा फोनकडे पाहिलं. एसी सुरू झाला होता.